कासला आलेला युद्धगुन्हेगार आणि साताऱ्याचं सत्र न्यायालय

सप्टेंबरात कास पठारावर फुलं बघायला आलेल्या गर्दीत एखादा परदेशी माणूस ओळखू आला. दुसऱ्या देशातल्या युद्धात त्यानं युद्धकैद्यांना ठार मारल्याचा आरोप आहे. उदाहरण काल्पनिक आहे, पण कायद्याच्या विद्यार्थ्याला किंवा नुकती सनद घेतलेल्या वकिलाला विषय उलगडायला सोयीचं. अशा वेळी बहुतेक जण थेट पुराव्याकडे धावतात. त्याआधी तीन गोष्टी ठरवायच्या असतात: गुन्हा कोणता, कायदा कुणाचा, आणि फिर्याद करायचा अधिकार कुणाला. खटले बुडतात ते इथंच.

एक गोंधळ आधी दूर करू. आपल्या भागात हेग हे नाव घरोघरी पोचलं ते सांगलीत जन्मलेल्या कुलभूषण जाधवांच्या प्रकरणामुळे. 17 जुलै 2019 चा तो निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा. तिथं देश विरुद्ध देश असा वाद चालतो, कुणा माणसाला शिक्षा होत नाही. माणसावर खटला चालवणारं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय वेगळं, फक्त गाव एकच. अर्जात या दोघांची नावं उलटसुलट झाली की वाचणारा अधिकारी पहिल्या पानावरच थांबतो.

आता गुन्ह्याचं नाव. युद्धगुन्ह्यासाठी सशस्त्र संघर्ष असायला हवा आणि कृत्याचा त्याच्याशी संबंध दाखवावा लागतो. युद्ध चालू असताना भाऊबंदकीतून झालेला खून युद्धगुन्हा ठरत नाही. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याला युद्धाची गरज नाही, पण नागरिकांवरचा हल्ला व्यापक किंवा पद्धतशीर असावा लागतो. वंशसंहारात एखादा राष्ट्रीय, वांशिक, वंशीय किंवा धार्मिक गट पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा खास हेतू सिद्ध करावा लागतो, आणि सगळ्यात अवघड तेच. मृतांचा आकडा मोठा आहे म्हणून वंशसंहार लिहून टाकण्याचा मोह टाळावा.

आपल्या उदाहरणात युद्धकैदी मारले गेलेत आणि युद्ध दोन देशांमधलं आहे असं धरू. मग 1949 च्या चार जिनिव्हा करारांपैकी तिसरा लागू होतो. त्याच्या कलम 130 मध्ये ‘गंभीर उल्लंघनं’ दिली आहेत. पहिल्या करारात ती कलम 50, दुसऱ्यात 51 आणि चौथ्यात 147 मध्ये सापडतील. अशा आरोपीला शोधून आपल्या कोर्टापुढं उभं करायचं किंवा खटला चालवायला तयार असलेल्या दुसऱ्या सदस्य देशाच्या हवाली करायचं, ही जबाबदारी प्रत्येक सदस्य देशावर आहे. भारतानं हे करार 1950 मध्ये मंजूर केले आणि त्यासाठी जिनिव्हा करार अधिनियम, 1960 हा कायदा केला. पुष्कळ वकिलांनी तो उघडूनही पाहिलेला नसतो.

त्यातली चार कलमं पाठ असावीत. कलम 3 नुसार गंभीर उल्लंघन भारतात झालेलं असो वा भारताबाहेर, करणारा कुठल्याही देशाचा असो, तो शिक्षेला पात्र आहे: संरक्षित व्यक्तीची (करारांचं संरक्षण असलेल्या माणसाची, जसा युद्धकैदी) हेतुपुरस्सर हत्या असेल तर मृत्युदंड किंवा जन्मठेप, इतर बाबतीत 14 वर्षांपर्यंत कैद. कलम 4 सांगतं की गुन्हा बाहेर घडलेला असला तरी आरोपी भारतात जिथं सापडेल तिथंच तो घडला असं मानून कारवाई करता येते. म्हणजे कासला सापडला तर सातारा. कलम 5 नुसार साध्या दंडाधिकाऱ्याला हा खटला चालवता येत नाही, त्यामुळे आपल्याकडे सत्र न्यायालयच. इथं भारतीय न्याय संहितेतलं खुनाचं कलम जोडायची घाई करू नये. परदेशी माणसानं परदेशात परदेशी माणसाला मारलं तर ती संहिता तिथवर पोचत नाही.

अडतं ते कलम 17 पाशी. सरकारची, किंवा केंद्रानं राजपत्रात अधिसूचना काढून नेमलेल्या अधिकाऱ्याची फिर्याद असल्याशिवाय कोर्टाला दखलच घेता येत नाही. नातेवाइकाची खासगी फिर्याद किंवा पोलिसांचं नुसतं दोषारोपपत्र चालणार नाही. गोव्यातल्या मोंतेरो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 1969 मध्ये स्पष्ट केलं की या कायद्यामुळे कुणाला करारांच्या अंमलबजावणीसाठी दाव्याचा हक्क मिळत नाही. तेव्हा आपली कागदपत्रं गृह आणि परराष्ट्र मंत्रालयाकडे अर्जासोबत द्यायची, आणि अर्जात ‘कलम 17 खाली फिर्याद दाखल करावी’ अशी नेमकी मागणी करायची. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ असं मोघम लिहिलेला अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

युद्ध देशांतर्गत असेल तर? मग पाया ठिसूळ होतो. 1960 च्या कायद्याचं कलम 3 फक्त गंभीर उल्लंघनांना लागू आहे, आणि ती आंतरराष्ट्रीय संघर्षापुरतीच आहेत. अंतर्गत संघर्षातली कृत्यंसुद्धा युद्धगुन्हे ठरू शकतात हे युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं 1995 मध्ये तादिच प्रकरणात मान्य केलं, पण आपल्या 1960 च्या कायद्यात ते उतरलेलं नाही. भारतानं वंशसंहारविरोधी करार 1959 मध्ये मंजूर केला, त्यासाठी देशी कायदा मात्र केला नाही. ही उणीव दिल्ली उच्च न्यायालयानं डिसेंबर 2018 मध्ये, 1984 च्या शीखविरोधी हिंसाचाराच्या सज्जन कुमार प्रकरणात स्पष्ट शब्दांत नोंदवली. अशा वेळी प्रत्यार्पण अधिनियम, 1962 बघावा: संबंधित देशाची मागणी, मग केंद्राच्या आदेशावरून दंडाधिकाऱ्याची चौकशी. सुपूर्द करता येत नाही असं केंद्राचं मत झालं तर कलम 34अ नुसार इथं खटला भरण्याची मुभा केंद्राला आहे, सक्ती नाही.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा रस्ता रोम संविधीवरून, म्हणजे ते न्यायालय स्थापन करणाऱ्या करारावरून जातो. भारत तिचा सदस्य नाही. 1998 च्या मतदानात तटस्थ राहिला. तरीही गुन्हा सदस्य देशाच्या भूमीवर घडला असेल किंवा आरोपी सदस्य देशाचा नागरिक असेल तर त्या न्यायालयाला अधिकार पोचतो. तारखेकडे नीट बघा: 1 जुलै 2002 च्या आधीचं काहीच चालत नाही, आणि देश नंतर सदस्य झाला असेल तर साधारणपणे त्या दिवसापासूनच. प्रकरण सदस्य देश पाठवतो, सुरक्षा परिषद पाठवते (दारफूर 2005, लिबिया 2011), किंवा न्यायाधीशांच्या परवानगीनं अभियोक्ता स्वतः तपास सुरू करतो. अभियोक्त्याकडे माहिती कुणीही पाठवू शकतं, अगदी सांगलीहूनही. मात्र संबंधित देश स्वतः प्रामाणिकपणे तपास करत असेल तर हेग बाजूला राहतं.

बचावात हमखास दोन गोष्टी येतात. पहिली, वरून हुकूम होता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या न्यूरेंबर्ग खटल्यांपासून ही सबब गुन्हा पुसत नाही. दुसरी उलट्या बाजूची: मी स्वतः कुणाला मारलं नाही, हाताखालच्यांनी मारलं. इथं सेनाधिकाऱ्याची जबाबदारी येते. सैन्यावर त्याचं प्रत्यक्ष नियंत्रण होतं, त्याला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, आणि त्यानं रोखण्यासाठी वाजवी पावलं उचलली नाहीत, हे सगळं दाखवावं लागतं. शेवटचा मुद्दा सगळ्यात निसरडा. काँगोचे नेते बेंबा यांना आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात 2016 मध्ये 18 वर्षांची शिक्षा झाली आणि 2018 च्या अपिलात ती याच मुद्द्यावर उलटली. आरोपी पदावर असलेला परराष्ट्रमंत्री वगैरे असेल तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या 2002 च्या काँगो विरुद्ध बेल्जियम निकालानुसार दुसऱ्या देशाचं कोर्ट त्याला हात लावू शकत नाही.

आता पुरावा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेला फोटो कामाचा नाही, कारण पाठवताना त्यातली वेळ-ठिकाणाची नोंद सहसा गळून जाते. मूळ फाइल मूळ फोनसकट मिळवा, तिचं हॅश मूल्य (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा अंकाक्षरी ठसा) त्याच दिवशी काढून लिहून ठेवा, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात ते लागतं. फाइल कुणाच्या हातून कुणाकडे गेली, याची तारीखवार वही ठेवा. आणि साक्षीदाराकडून पुन्हा पुन्हा लेखी जबाब घेऊ नका. नाव, संपर्क आणि त्यानं काय पाहिलं याच्या दोन ओळी टिपून ठेवा. सविस्तर जबाब तपास अधिकारी घेईल, नाहीतर उलटतपासणीत दोन जबाबांमधली तफावतच आरोपीला सोडवून नेते.