पॅन्सी-व्हायोलाची रोपं घेताना आधी मुळं बघा

शरदाची चाहूल लागली की पॅन्सी आणि तिची छोट्या फुलांची बहीण व्हायोला, या थंडीत फुलणाऱ्या फुलझाडांच्या रोपांचे ट्रे विक्रीला येतात, बहुधा लावण्याची वेळ होण्याच्या आधीच. दिवसा पारा 25 अंश सेल्सिअसच्या वर जात असेल तर थांबा. उकाड्यात पेरं लांबतात, रोप लुकडं होतं, फुलं बारीक येतात आणि ओल्या, गरम मातीत मूळकूज लागते. रात्री 15 अंशांच्या आसपास उतरू लागल्या की खरेदीला निघा. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते, तिथे मात्र फार रेंगाळू नये. गोठण्याआधी मुळं धरायला 4 ते 6 आठवडे लागतात. नाहीतर माती गोठून फुगते, हुंडी (मुळांसकट मातीचा गोळा) वर उचलली जाते आणि उघडी पडलेली मुळं सुकतात.

पॅन्सीचं फूल साधारण 5 ते 10 सेंटीमीटरचं, व्हायोलाचं 2 ते 4. पण व्हायोलाला फुलं कितीतरी जास्त लागतात, आणि जोराच्या पावसानंतर पॅन्सीच्या मोठ्या पाकळ्या फाटून लोंबत असताना व्हायोला लवकर सावरते. ठरत नसेल तर व्हायोलाच घ्या. लांबून दिसणाऱ्या वाफ्यासाठी पिवळा, पांढरा, केशरी रंग बरा. गडद जांभळी फुलं जवळून देखणी, पण चार पावलं मागे गेलं की मातीत विरून जातात. त्यांच्या शेजारी फिकट रंग हवाच. टोपलीतून खाली सोडायची असेल तर पसरणाऱ्या जातीच मागा, उभ्या वाढणाऱ्या लोंबत नाहीत.

आता प्रत्यक्ष निवड. फुलांनी गच्च भरलेला ट्रे आधी डोळ्यांत भरतो, पण त्या रोपाची बरीच ताकद खर्च झालेली असते. रंग कळण्यापुरतं एखादं फूल आणि तीन-चार कळ्या, एवढं पुरे. रोप बसकं, पानं गर्द हिरवी, फुटवे बुडापासून फुटलेले असावेत. मग बुंधा दोन बोटांत धरून कप उलटा करा. पांढरी मुळं मातीला धरून आहेत आणि मधून माती दिसते, तर रोप घेण्याजोगं. माती भसकन सुटली तर रोप कोवळं आहे. तपकिरी मुळांचं गच्च वेटोळं म्हणजे रोप कपात फार दिवस राहिलंय. स्वस्तात मिळालं तर घ्यावं, पण लावताना तळाची मुळं मोकळी करावीत. काळी, मऊ, वास येणारी मुळं दिसली तर तो अख्खा ट्रे सोडा. कप उलटा करू देत नसतील तर निदान तळाच्या भोकातून डोकावा.

पानांची खालची बाजू बघायला विसरू नका. तिथे आणि कळ्यांच्या देठांवर मावा बसतो. पानाखाली करडी-जांभळट बुरशी दिसली तर तो केवडा रोग, जवळची रोपंही धरतो. थंडीत जुनी पानं जांभळट होणं वेगळं: गार मातीतून मुळांना स्फुरद (फॉस्फरस) नीट उचलता येत नाही, एवढंच.

पॅन्सी 20 सेंटीमीटरवर लावली तर चौरस मीटरला 25 रोपं लागतात, व्हायोला 15 वर लावली तर 40 ते 45. 30 सेंटीमीटरच्या कुंडीत चार-पाच पुरतात. माती निचऱ्याची आणि किंचित आम्ल हवी, सामू (पीएच) 5.5 ते 6.2, चुना घालू नका, सामू वाढला की काळी मूळकूज बळावते. त्याच वाफ्यात दरवर्षी पॅन्सी लावल्यानेही हा रोग मातीत साठत जातो, म्हणून जागा बदलत राहा.

लावण्याच्या तासभर आधी रोपांना पाणी द्या. हुंडीचा वरचा काठ जमिनीला समतल ठेवा. बुंधा मातीत गाडला की कुजतो. पाणी सकाळी, बुडाशी द्यावं. पुढे फूल सुकलं की नुसत्या पाकळ्या ओढून उपयोग नाही, देठासकट खुडा. मागे राहिलेलं बोंड बी धरतं आणि कळ्या कमी होतात.

ही फुलं खाता येतात, पण विकतच्या रोपांवर बहुधा फवारणी झालेली असते. ताटात ठेवायची असतील तर बी घरीच पेरा: 18 ते 20 अंशांत, बी पातळ मातीने झाकून, लावणीच्या 10 ते 12 आठवडे आधी.