डोळ्याभोवतीचा बुरशीसंसर्ग : औषधोपचारातील या चुका टाळा

2021 च्या उन्हाळ्यात कोविडमागोमाग म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार आला आणि ‘काळी बुरशी’ हे नाव कोल्हापुरात घरोघरी पोहोचले. त्या नावामुळेच काळा डाग दिसल्याशिवाय हा आजार नव्हेच, असा समज रूढ झाला. वास्तविक टाळूवर, नाकात किंवा पापणीवर दिसणारा काळेपणा म्हणजे रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग, म्हणजे उशिराची खूण. गाल बधिर होणे, डोळ्यामागे ठणका लागणे, पापणी पडणे, एकाचे दोन दिसणे, वरचे दात हलू लागणे ही लक्षणे बहुधा त्याआधीची असतात. चंदगड-आजऱ्याकडचा मधुमेही रुग्ण मात्र दात हलतो म्हणून आधी दाताच्या दवाखान्यात जातो, मग डोळ्यात थेंब घालतो आणि कान-नाक-घसा तज्ज्ञापर्यंत पोहोचेतो हातचे दिवस निघून जातात.

त्याहून घातक चूक म्हणजे डोळ्यामागची सूज साध्या दाहाची समजून तपासणीआधीच स्टेरॉइड, म्हणजे सूज उतरवणारे पण प्रतिकारशक्ती दाबणारे औषध, देणे. दोन दिवस सूज उतरते, सर्वांना हायसे वाटते आणि तेवढ्यात बुरशी आत पसरते.

बुरशी कोणती हे न ठरवता औषध निवडणेही तितकेच चुकीचे आहे. व्होरिकोनॅझोल हे ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीवरचे उत्तम औषध असले, तरी म्युकरमायकोसिस घडवणाऱ्या म्युकरच्या गटावर ते चालत नाही. तेथे अँफोटेरिसिन बी हेच पहिले औषध, तर पोसाकोनॅझोल किंवा इसाव्युकोनॅझोल बहुधा त्यानंतरची. सूक्ष्मदर्शकाखाली म्युकरचे धागे रुंद, जवळजवळ विनापडद्याचे दिसतात, ॲस्परजिलसचे बारीक आणि पडदे असलेले. मात्र संशय बळकट असेल, तर कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहण्याच्या, अहवालासाठी अँफोटेरिसिन थांबवून ठेवू नये. बायोप्सीचा, म्हणजे तपासणीसाठी काढलेला, सगळाच तुकडा फॉर्मेलिन या टिकवणाऱ्या द्रवात टाकला, तर बुरशी मरते आणि कल्चरला काही उरत नाही. म्हणून एक भाग निर्जंतुक सलाईनमध्ये (मिठाच्या पाण्यात) स्वतंत्र पाठवावा लागतो.

अँफोटेरिसिनच्या बाबतीत नावातला सारखेपणा जिवावर बेतू शकतो. साधे आणि लायपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म वेष्टणातले) अशा दोन्ही प्रकारांची 50 मिलिग्रॅमची कुपी मिळते. लायपोसोमलची मात्रा रोज किलोमागे 5 मिलिग्रॅम, मेंदूपर्यंत संसर्ग गेल्यास 10 पर्यंत. साध्या औषधाची साधारण 1 मिलिग्रॅम. साठ किलोच्या रुग्णाला लायपोसोमलच्या सहा कुप्या योग्य, पण त्याच हिशेबाने साध्या औषधाच्या सहा कुप्या गेल्या तर हृदय बंद पडू शकते. त्यामुळे मात्रेच्या कागदावर प्रकार पूर्ण लिहिलेला असलाच पाहिजे.

हे औषध 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्येच, म्हणजे साखरेच्या द्रावणातच मिसळतात, कारण नॉर्मल सलाईनमध्ये त्याचा साका होतो. ‘शुगरवाल्याला डेक्स्ट्रोज कशाला?’ हा नातेवाइकांचा प्रश्न स्वाभाविक आहे, पण उत्तर इन्सुलिन वाढवणे हे आहे, सलाईनमध्ये औषध मिसळणे नव्हे. मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी औषधाआधी सलाईन देतात, मात्र नळी मधल्या वेळात डेक्स्ट्रोजने धुवावी लागते. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन, तसेच पोटॅशियम आणि मॅग्नेशियम वारंवार तपासले नाही, तर पोटॅशियम घसरून हृदयाची लय बिघडू शकते.

नुसत्या औषधावर भिस्त ठेवणे ही रुग्णाच्या घरच्यांना सर्वांत पटणारी आणि म्हणून सर्वांत महाग पडणारी चूक आहे. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बुजवते, त्यामुळे मेलेल्या भागात रक्तही पोहोचत नाही आणि रक्तातले औषधही. तो भाग शस्त्रक्रियेने काढावाच लागतो, काही वेळा पुन्हा पुन्हा. म्हणून डोळा वाचवायचा असेल तर शस्त्रक्रिया लांबवणे हा बहुधा उलटा हिशेब ठरतो. रक्तातील साखर आटोक्यात आणणे हाही उपचाराचाच भाग आहे, आणि इथे आपल्याकडची एक खास अडचण सांगायलाच हवी : साखर सोडली, आता गूळ चालतो, असे गुऱ्हाळांच्या या जिल्ह्यात अनेक जण मनापासून मानतात. गुळानेही रक्तातील साखर वाढते.

घरी गेल्यावर पोसाकोनॅझोलच्या गोळ्या सुरू राहतात, बहुधा पहिल्या दिवशी 300 मिलिग्रॅम दोनदा, नंतर रोज एकदा. गोळी जेवणासोबत अखंड गिळावी, चुरू नये, आणि तिच्याऐवजी तेवढ्याच मिलिग्रॅमचे पातळ औषध घेऊ नये. फिटवरचे फेनिटॉइन आणि क्षयावरचे रिफॅम्पिसिन तिचा असर घटवतात, तर सिमव्हास्टॅटिन तिच्यासोबत घेणे धोक्याचे आहे. त्यामुळे आधीच्या सर्व गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवावीत. ठणका थांबला म्हणून गोळ्या बंद करू नयेत. हाडात बुरशी उरली असेल तर उपचार काही महिने चालतात आणि ते थांबवण्याचा निर्णय एमआरआय व दुर्बिणीची तपासणी पाहूनच होतो.