पोलादपूर ते वाई: झाडं कुठे बदलतात ते कसं पाहायचं

फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. पावसाळ्यात सगळंच हिरवं असतं. पानगळ झाली की कोणतं रान कुठे संपतं ते लांबूनही दिसतं. मी वाईत भूगोल शिकवते, तरी मुलांना सुरुवात पोलादपूरहूनच करायला लावते, कारण पाऊस तिकडूनच येतो. तिथून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, पुढे पाचगणी आणि पसरणी घाट उतरून वाई.

पायथ्याला ऐन, किंजळ, साग शोधा. किंजळ हे ओल्या बाजूचं झाड. शेवटचं कुठे दिसलं ते टिपून ठेवा.

महाबळेश्वरला रस्ता सोडून रानात शिरा. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा. अंजनीची पानं चिवट, चकचकीत, समोरासमोर. मार्चच्या सुमारास फांदीलाच चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके येतात. जांभळाचं गळालेलं पान उन्हासमोर धरा: कडेला लागून एक बारीक शीर पानभर फिरलेली दिसेल. पानं तोडू नका, हा टापू 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे.

पुढचे पाचगणीपर्यंतचे वीसेक किलोमीटर गाडी पळवू नका. उंचीत फरक जेमतेम शंभरेक मीटरचा, तरी दाट रान विरळ होत जातं. उंचीप्रमाणे झाडं बदलतात एवढंच आपण पाठ केलेलं असतं. इथे उंची जवळपास तीच, पाऊस मात्र महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास आणि पाचगणीला साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका. मला सह्याद्रीतला हा सगळ्यात सुंदर धडा वाटतो. दर चार-पाच किलोमीटरला उतरा, प्रत्येक ठिकाणी सारखाच वेळ थांबा, जास्तीत जास्त दिसणारी तीन झाडं लिहा. ‘अंजनी दिसली नाही’ हेही लिहा. लावलेली झाडं मात्र धरू नका: पाचगणीचा सिल्व्हर ओक मूळचा ऑस्ट्रेलियाचा, गुलमोहर मादागास्करचा.

पसरणी घाटात गवत, धायटी, निवडुंग. खाली आमच्या बांधावर बाभूळ, बोर, हिवर.

प्राण्यांसाठी आधी झाडांचे शेंडे बघा. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं, एका झाडावरून दुसऱ्यावर उडी मारत फिरतं. म्हणून फांद्या एकमेकींना भिडलेल्या असतील तिथेच त्याचं काटक्या-पानांचं गोल घरटं शोधा. सापडलं की आजूबाजूच्या झाडांची नावं आधी उतरवून घ्या, शेकरू नंतर शोधा.