लिनक्सवर हिस्टरी पुसताना आणि उरल्यासुरल्या फाइल्स काढताना या चुका टाळा

उबंटूवरून एखादा प्रोग्राम काढून टाकायचा, दोन-चार महिन्यांनी गरज पडली म्हणून पुन्हा टाकायचा आणि उघडून बघावं तर जुनी सेटिंग्ज, अलीकडे उघडलेल्या फाइल्सची यादी, सगळं जिथल्या तिथं! घरच्या संगणकावर हे सोयीचं वाटतं. तोच संगणक कुणाला द्यायचा असला, की मात्र पोटात गोळा येतो.

कारण साधं आहे. पॅकेज मॅनेजरने, म्हणजे प्रोग्राम टाकण्या-काढण्याचं काम करणाऱ्या साधनाने, ज्या फाइल्स आणून ठेवल्या, त्यांचीच नोंद त्याच्याकडे असते आणि तेवढ्याच तो काढतो. प्रोग्राम वापरताना तुमच्या होम फोल्डरमध्ये जे साठलं ते तुमचं. त्याला तो हात लावत नाही. म्हणून सिस्टिममधलं काही काढायचं तर पॅकेज मॅनेजरला सांगायचं आणि होममधलं आपण बघून काढायचं. लोक नेमकं उलट करतात. सिस्टिमच्या फोल्डरमध्ये सुडो (म्हणजे प्रशासकाचे अधिकार) लावून हाताने खुडबुड करतात आणि होममधलं आपोआप जाईल म्हणून निर्धास्त राहतात.

खालची उदाहरणं डेबियन, उबंटू, मिंट या एकाच घराण्यातली आहेत. कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.

‘रिमूव्ह’वर थांबणं

एपीटी हा या घराण्याचा पॅकेज मॅनेजर. ‘एपीटी रिमूव्ह’ प्रोग्राम काढतं, पण ईटीसी फोल्डरमधल्या त्याच्या सेटिंग्जच्या फाइल्स ठेवतं. ‘एपीटी पर्ज’ त्याही काढतं. आधी रिमूव्ह करून बसला असाल तरी हरकत नाही, तेच नाव देऊन नंतर पर्ज करता येतं. असे अर्धवट गेलेले प्रोग्राम शोधायला ‘डीपीकेजी -एल’ चालवा. ज्या ओळीच्या सुरुवातीला ‘आरसी’ दिसेल, तो प्रोग्राम गेलाय आणि सेटिंग्ज उरल्यात.

‘पर्ज’ हा शब्द कितीही दणदणीत वाटला तरी होम फोल्डरला तोही शिवत नाही. आता न लागणारी पॅकेजेस काढणारं ‘ऑटोरिमूव्ह’ चालवताना तर समोर आलेली यादी वाचल्याशिवाय ‘वाय’ दाबू नका. डेस्कटॉपबरोबर आलेला एखादा नको असलेला खेळ काढला आणि त्याच्यासोबत अनेक प्रोग्राम एकत्र आणणारं एखादं मोठं पॅकेज गेलं, तर त्याच्यामुळे आलेली अर्धी सामग्री ‘आता लागत नाही’ म्हणून त्या यादीत येऊन बसते.

जुन्या कर्नलचंही (लिनक्सच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्यांचंही) तसंच. बूट फोल्डर भरला म्हणून त्यातल्या फाइल्स हाताने उडवू नयेत. ऑटोरिमूव्ह ते काम नीट करतं आणि चालू कर्नलला हात लावत नाही.

सगळ्या डॉट फोल्डरना एकच झाडू

फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की टिंबाने सुरू होणारे लपलेले फोल्डर दिसू लागतात. त्यांची गर्दी बघून हात शिवशिवतात. थांबा. त्यातले तीन नीट ओळखून घ्या.

‘डॉट कॅश’ हा खरा कचऱ्याचा कोपरा. प्रोग्राम बंद करून त्यातला त्याचा फोल्डर काढला तर बहुधा काहीच बिघडत नाही, पुढच्या वेळी तो पुन्हा तयार होतो. ‘डॉट कॉन्फिग’मध्ये सेटिंग्ज असतात. त्या गेल्या तर प्रोग्राम कोरा होऊन उघडेल, त्रास होईल, पण जीव जाणार नाही.

‘डॉट लोकल’च्या आत ‘शेअर’ आहे, आणि खरा घात तिथे होतो. नावावरून वाटत नाही, पण तिथे विदा असते, म्हणजे परत आपोआप तयार न होणारा माल. इव्होल्यूशन हा मेल प्रोग्राम वापरत असाल तर ते तिथेच मेल साठवतं. तुम्ही स्वतःपुरते टाकलेले फॉन्ट तिथल्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये असू शकतात. तो उडाला की मुक्ता किंवा बालूमध्ये जुळवलेली पत्रिका दुसऱ्याच फॉन्टमध्ये उघडते आणि ओळी भलत्याच ठिकाणी तुटतात. आयबसच्या टायपिंग बूस्टरवर मराठी लिहिणाऱ्यांनी तर तिथे जास्तच जपून वागावं, कारण त्याने तुमच्या टायपिंगमधून शिकलेले शब्द तिथेच साठवलेले असतात. शिवाय ‘कीरिंग्स’ नावाचा छोटासा फोल्डर. आकार किरकोळ म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही, पण त्यात पासवर्डच्या किल्ल्या असतात. नोम डेस्कटॉपवर क्रोम आपले साठवलेले पासवर्ड ज्या किल्लीने कुलूपबंद करतं, ती सहसा तिथे असते. किल्ली गेली की क्रोमच्या फोल्डरमधले पासवर्ड जागेवर असूनही वाचता येत नाहीत.

म्हणून शंका असेल तिथे डिलीट करूच नका, नाव बदला. फोल्डरच्या नावापुढे ‘जुना’ अशा अर्थाचं काही जोडा, आठवडाभर काम करा, कुठे अडलं नाही तर मग काढा. एवढ्या साध्या सवयीने जेवढी मशीन वाचतात, तेवढी कुठल्याही क्लीनरने वाचत नाहीत.

आणि टर्मिनलवरून काढत असाल तर स्पेसबारवर नजर ठेवा. २०११ मध्ये बम्बलबी नावाच्या प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये ‘आरएम -आरएफ’ या, न विचारता अख्खा फोल्डर काढणाऱ्या कमांडच्या ओळीत ‘यूएसआर’नंतर एक जागा चुकून सुटली होती. काढायचा होता आतला एक फोल्डर; त्या एका रिकाम्या जागेमुळे अख्खा यूएसआर फोल्डर उडत होता. जाणत्या प्रोग्रामरचं हे झालं. आपण रात्री साडेअकराला डुलक्या घेत तीच कमांड लिहितो.

प्रोग्राम उघडा ठेवून त्याची हिस्टरी पुसणं

‘पुसली तरी परत येते’ ही तक्रार जवळपास नेहमी याच चुकीतून येते. टर्मिनलचंच घ्या. टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड चालवणारा बॅश आपली हिस्टरी चालू असताना स्वतःच्या मेमरीत ठेवतो आणि बंद होताना ‘डॉट बॅश हिस्टरी’ या फाइलमध्ये लिहितो. तुम्ही टर्मिनल उघडलंत, फाइल डिलीट केलीत, समाधानाने खिडकी बंद केलीत. बंद होता होता बॅशने फाइल नव्याने तयार केली आणि मेमरीतली हिस्टरी तिच्यात उतरवली. त्यात फाइल डिलीट केल्याची कमांडसुद्धा!

बाकीची टर्मिनल आधी बंद करा. उरलेल्या एकात ‘हिस्टरी -सी’ देऊन मेमरी रिकामी करा आणि लगेच ‘हिस्टरी -डब्ल्यू’ देऊन ती रिकामी यादी फाइलवर लिहा. सगळी हिस्टरी नको, फक्त चुकून टाइप झालेल्या पासवर्डची ओळ काढायची असेल तर ‘हिस्टरी’ चालवून तिचा क्रमांक बघा, ‘हिस्टरी -डी’पुढे तो क्रमांक द्या, मग ‘-डब्ल्यू’. सगळी उडवण्यापेक्षा हेच बरं. जुन्या हिस्टरीत कामाच्या कमांड खूप असतात. पुढच्या वेळी अशी कमांड लिहिण्याआधी एक स्पेस द्या. उबंटू आणि डेबियनच्या मूळ सेटिंगमध्ये स्पेसने सुरू होणारी ओळ हिस्टरीत जातच नाही.

‘अलीकडील फाइल्स’ची यादीही अशीच चिवट. नोम आणि सिनॅमनसारख्या डेस्कटॉपवर ती ‘डॉट लोकल’, ‘शेअर’मध्ये ‘रीसेंटली युज्ड’ नावाच्या एक्सबीईएल फाइलमध्ये असते. टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघाच एकदा: फाइलचा पूर्ण पत्ता, ती कधी उघडली, कोणत्या प्रोग्रामने उघडली, सगळं उघड्यावर लिहिलेलं. ही फाइल काढून उपयोग तात्पुरता. पुढची फाइल उघडलीत की यादी पुन्हा सुरू. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन फाइल हिस्टरी तिथून पुसा आणि नको असेल तर बंद करा. केडीई हा दुसरा डेस्कटॉप स्वतःची यादी वेगळी ठेवतो, ती सिस्टिम सेटिंग्जमधून पुसावी.

लिबरऑफिसची यादी मात्र या दोन्हींत नाही. ती त्याच्या स्वतःच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये आहे आणि ती फाइल उडवली तर बाकीची सेटिंग्जही जातात. फाइल मेन्यूतल्या अलीकडच्या कागदपत्रांच्या यादीतच ती रिकामी करण्याची सोय आहे. फायरफॉक्समध्ये तर ‘प्लेसेस’ ही एकच डेटाबेस फाइल हिस्टरी आणि बुकमार्क दोन्ही सांभाळते. हिस्टरी काढायला म्हणून ती डिलीट केली तर ओल्याबरोबर सुकंही जळतं. ब्राउझरची हिस्टरी ब्राउझरमधूनच पुसायची.

एक जागा मात्र जवळपास सगळे विसरतात: ‘डॉट कॅश’मधला ‘थंबनेल्स’. मूळ फोटो डिलीट झाला, कचरापेटी रिकामी झाली, तरी फाइल मॅनेजरने बनवलेली त्याची छोटी प्रत तिथे राहू शकते. छोटी म्हणजे अनेकदा २५६ पिक्सेलची. चेहरा ओळखायला पुरेशी. हा फोल्डर बिनधास्त काढा.

स्नॅप आणि फ्लॅटपॅकला एपीटीचे नियम लावणं

स्नॅप आणि फ्लॅटपॅक या प्रोग्राम टाकण्याच्या एपीटीहून वेगळ्या पद्धती. स्नॅपने टाकलेला प्रोग्राम काढला की स्नॅप आधी त्याच्या विदेची एक प्रत बाजूला ठेवतो आणि ती साधारण ३१ दिवस सांभाळतो. चुकून काढलं तर परत मिळावं, हा हेतू चांगलाच. पण उबंटूचा फायरफॉक्स स्नॅप आहे, म्हणजे ‘काढून टाकलेल्या’ ब्राउझरची कुकीज आणि पासवर्डसकट प्रोफाइल महिनाभर डिस्कवर पडून असते. ‘स्नॅप सेव्ह्ड’ने अशा प्रती दिसतात, ‘स्नॅप फर्गेट’ने जातात. काढतानाच ‘--पर्ज’ जोडलं तर प्रत बनतच नाही. अपडेटनंतर जुनी आवृत्तीही ठेवली जाते. ‘स्नॅप लिस्ट --ऑल’मध्ये ती ‘डिसेबल्ड’ म्हणून दिसते.

फ्लॅटपॅकच्या प्रोग्रामांची विदा होममधल्या ‘डॉट व्हीएआर’मध्ये ‘ॲप’ नावाच्या फोल्डरात असते. काढताना ‘--डिलीट-डेटा’ द्या, नंतर ‘फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयुज्ड’ चालवा. दुसऱ्या कमांडने कधीकधी गिगाबाइटच्या हिशोबात जागा सुटते.

डिलीट केलं, तरी जागा वाढत नाही

आधी कचरापेटी बघा. पेनड्राइव्हवरची फाइल डिलीट केली तर ती पेनड्राइव्हवरच ‘डॉट ट्रॅश-१०००’ अशा लपलेल्या फोल्डरमध्ये जाते. लिनक्सवर ‘रिकामा’ केलेला पेनड्राइव्ह झेरॉक्सवाल्याकडे दिला आणि त्याच्या विंडोजवर सगळ्या फाइल्स दिसल्या, तर त्या इथून. सुडो लावून फाइल मॅनेजर उघडला असेल तर डिलीट केलेलं रूटच्या (प्रशासक खात्याच्या) कचरापेटीत जातं, तुमच्या नाही.

दुसरं कारण जास्त फसवं. होममध्ये ‘डॉट एक्ससेशन-एरर्स’ नावाची लॉग फाइल कधीकधी एखाद्या बिघडलेल्या प्रोग्राममुळे फुगत फुगत कित्येक गिगाबाइटची होते. ती ‘आरएम’ने काढली. फाइल्सचा आकार मोजणारं ‘डीयू’ म्हणतं फाइल गेली, डिस्कवरची जागा सांगणारं ‘डीएफ’ म्हणतं डिस्क तेवढीच भरलेली. दोघंही खरं बोलतात. लिनक्समध्ये डिलीट केल्याने फाइलचं नाव जातं. ज्या प्रोग्रामने ती उघडी धरलीय तो बंद होईपर्यंत जागा सुटत नाही. ‘एलएसओएफ +एल१’ चालवलं की अशा बिननावाच्या, पण उघड्या फाइल्स आणि त्यांना धरून बसलेले प्रोग्राम दिसतात. तो प्रोग्राम बंद करा किंवा लॉगआउट करा. चालू लॉग फाइल डिलीट करण्याऐवजी ‘ट्रंकेट -एस ०’ने रिकामी केली असती तर हा प्रश्नच आला नसता.

तिसरं, सिस्टिमचं जर्नल, म्हणजे घडामोडींची नोंदवही. मूळ सेटिंगमध्ये ते डिस्क विभागाच्या १० टक्क्यांपर्यंत, पण जास्तीत जास्त ४ गिगाबाइट वाढू शकतं. ‘जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ’पुढे २०० एम लिहिलं की जुनं जर्नल छाटलं जातं. व्हीएआर फोल्डरमधला लॉग फोल्डर सरसकट उडवू नका, काही सर्व्हिसेस आपला फोल्डर सापडला नाही की सुरूच होत नाहीत. आणि मिंटवर असाल तर सिस्टिमच्या प्रती (स्नॅपशॉट) ठेवणारं टाइमशिफ्ट उघडून बघा. बऱ्याचदा जुन्या स्नॅपशॉटनीच जागा खाल्लेली असते.

ब्लीचबिटमध्ये सगळ्या चौकोनांत टिक

ब्लीचबिट हा सफाईचा प्रोग्राम वाईट नाही, आंधळेपणाने वापरणं वाईट. ब्राउझरखालच्या ‘पासवर्ड्‌स’वर टिक केली तर साठवलेले पासवर्ड जातात, यात त्याची चूक काय? ‘लोकलायझेशन्स’ हा पर्याय नको असलेल्या भाषांच्या फाइल्स काढतो. संगणक इंग्रजीत चालू असेल तर त्या नको असलेल्यांत मराठीही मोजली जाते. प्रेफरन्सेसमध्ये भाषांच्या यादीत मराठी राखून ठेवा, नाहीतर मराठी इंटरफेस निवडूनही मेन्यू इंग्रजीतच येतील आणि ती पॅकेजेस पुन्हा टाकावी लागतील. होममधल्या सफाईसाठी साधा ब्लीचबिट उघडा. रूटवाला रूटच्या घरात झाडू मारतो. प्रत्येक वेळी आधी ‘प्रीव्ह्यू’. रिकाम्या जागेवर पुन्हा लिहिणारा ‘फ्री डिस्क स्पेस’ रोज चालवण्यात अर्थ नाही, तासन्‌तास जातात.

एसएसडीवर ‘श्रेड’ची खात्री बाळगणं

‘श्रेड’ फाइलच्या जागेवर वारंवार दुसरा मजकूर लिहितं. फिरत्या हार्ड डिस्कवर त्याला अर्थ होता. एसएसडी आणि पेनड्राइव्हमधला कंट्रोलर नवा मजकूर आपल्या सोयीने दुसऱ्याच चिपांवर लिहितो आणि जुना मागे राहू शकतो. बीटीआरएफएससारखी फाइल सिस्टिमही जुन्या जागेवर लिहीत नाही. त्यामुळे मशीन विकायचं असेल तर एकेक फाइल घासत बसू नका. लिनक्स टाकतानाच डिस्क एन्क्रिप्ट (पासवर्डने कुलूपबंद) केली असेल, तर एखाद्या लाइव्ह यूएसबीवरून ‘क्रिप्टसेटअप लक्स-इरेझ’ चालवून किल्ल्यांच्या सगळ्या जागा रिकाम्या करा. ती कमांड योग्य विभागावर चालतेय ना, हे डिस्कच्या विभागांची यादी देणाऱ्या ‘एलएसबीएलके’ने दोनदा बघून. त्याआधी बॅकअप दुसऱ्या डिस्कवर उघडून तपासा, कारण त्यानंतर खरा पासवर्ड तोंडपाठ असूनही ती डिस्क उघडत नाही.