सुपरवायझर झालात? मग या चुका टाळा

जळगाव-धरणगाव पट्ट्यात कापसातली सरकी, म्हणजे बी, वेगळी करणाऱ्या जिनिंगपासून पाइपाच्या प्लँटपर्यंत माझी उमर गेली. दर सीझनला नवा सुपरवायझर येतो आणि त्याच चुका नव्याने करतो. सांगून सांगून घसा बसला, म्हणून लिहून ठेवतो.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे चारचौघांत झापणं. ही मी स्वतः केली आहे. ऐन दिवाळीनंतरचा सीझन, गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि आमच्या फिटरने बेअरिंग गरम वाटतंय म्हणून लाइन बंद केली. तपासलं तर काही नाही. वीस मिनिटं गेली. मी सगळ्यांसमोर ओरडलो, ‘‘तुला काही कळतं का? विचारल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही!’’ पोरगा मान खाली घालून गेला.

पंधरा दिवसांनी रात्रपाळीत तेच बेअरिंग खरंच तापलं. जळका वास दोघातिघांना आला होता, कुणी बोललं नाही. रुईने, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाने, पेट घेतला. माणूस दगावला नाही हे नशीब. पण रुईची आग वरून विझली तरी आत धुमसत राहते, आणि रुईचा दाबून बांधलेला गठ्ठा, म्हणजे गाठ, तर काही दिवसांनीही पेटू शकते. संशयातली प्रत्येक गाठ बाहेर मोकळ्यावर नेऊन राखण करत बसलो. सकाळी फिटरला विचारलं, तर म्हणाला, ‘‘सायेब, मांगच्या खेपेले तुम्हीच बोलले व्हते ना, हात लावू नको म्हनून.’’

तेव्हापासून माझी सवय अशी: कुणी मशीन थांबवलं की आधी ‘बरं केलं’ म्हणायचं, मग टेंपरेचर गन लावायची. अंदाज चुकला तरी ‘बरं केलं’ मागे घ्यायचं नाही. झापायचंच असेल तर वजनकाट्याच्या मागे, दोघंच. आणि पाळी सुरू होताना केबिनमध्ये न जाता चहाचा ग्लास घेऊन फिटरपाशी उभं राहायचं. ‘काल काय वाजत होतं?’ एवढंच विचारायचं. नव्या सुपरवायझर पोरांना हे वेळखाऊ वाटतं. त्यांना हॉटेलातलं दोन दिवसांचं लीडरशिप ट्रेनिंग आणि भिंतीवर ‘आमची मूल्ये’ असा बोर्ड हवा असतो. बोर्डावर धूळ बसते, दुसरं काही होत नाही.

दुसरा रोग दंडाचा. एरंडोलची एसटी उशिरा आली की पोराचे शंभर रुपये गेले, तेही वहीत नोंद न करता. उशीर झालेल्या वेळेचा पगार कापणं वेगळं आणि दंड वेगळा. कायद्याने दंड एका पगाराच्या 3 टक्क्यांवर जात नाही, म्हणजे 12,000 वर 360. कशाला दंड होतो ते आधी नोटिशीवर लावावं लागतं, माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि जमा झालेला पैसा कामगारांच्याच भल्यासाठी खर्चावा लागतो. ‘ऑफिसच्या चहाला’ नाही. एकदा हा चहा प्यालात की रुईचोराला जाब विचारायचं तोंड तुम्हाला उरत नाही.

बाकीचं थोडक्यात. मालकाच्या भाच्याला वेगळी हजेरी ठेवू नका. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर ‘अर्जंट’ टाकू नका. बायामाणसं धरून दहा कामगार झाले की कामाच्या ठिकाणी बायांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याची अंतर्गत समिती लागते. तिच्यातल्या बाईचं नाव सरकी उचलणाऱ्या बाईलाही माहीत हवं, नुसतं फाइलला नको.

सुट्टीवरून अडून बसू नका. होळीआधी भोंगऱ्या बाजाराला पावरा आदिवासी पोरं जाणार, अखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला आणि कानबाईच्या सणाला निम्मी पाळी गावी जाणार. नाही म्हणालात तरी जाणार, फक्त खोटं बोलून. मी जानेवारीतच कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवतो.

आणि हिवाळ्यात भरीत पार्टी जरूर द्या, शेतात, कळण्याच्या पुऱ्यांसकट. मात्र ओव्हरटाइमचा पैसा भरीत पार्टीत वळता करू नका. त्याचा दर दुप्पट आहे, आणि तो रोख पगारातच दिसला पाहिजे.