‘कळकलं’ म्हणताना या चुका टाळा

पितळी पातेल्यात रात्रभर राहिलेलं ताक सकाळी कडेने हिरवट दिसतं आणि जिभेला विचित्र तुरट लागतं. आमच्या आजीकडे त्याला एकच शब्द होता: कळकलं. पितळेची भांडी पुन्हा घरात येताहेत, शब्द मात्र भलतीकडेच वापरला जातोय, आणि ते मला फार लागतं.

मोठी चूक म्हणजे बिघडलेल्या कुठल्याही अन्नाला ‘कळकलं’ म्हणणं. स्टीलच्या डब्यात राहिलेली आमटी आंबते, दूध नासतं, शेंगदाणे खवट होतात. कळकायला आंबट पदार्थ आणि तांबं-पितळ यांची गाठ पडावी लागते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. दही, चिंच, कोकम यांतल्या आम्लामुळे तांब्याचे क्षार अन्नात उतरतात. तो हिरवा रंग त्यांचाच. एवढ्याशा क्रियापदात रंग, चव आणि कारण तिन्ही आहेत. असा दुसरा शब्द मला तरी माहीत नाही.

‘भांडं कळकलं’ हेही चुकतं. भांडं काळवंडतं, कळकतो तो आतला पदार्थ. ‘मी ताक कळकलं’ असंही म्हणू नये, कारण ताक आपोआप कळकतं. आपण फक्त ते विसरतो. कळकट शर्ट म्हणजे नुसता मळका, त्याचा इथे संबंध नाही. कळकाची काठी तर बांबूची.

आता कळकलंच तर? उकळून, फोडणी घालून वाचवायला जाऊ नका. क्षार उकळल्याने जात नाहीत, आणि पोटात गेले तर मळमळतं, उलट्या होतात. सरळ ओतून द्या.

मग भांड्याच्या आत नीट बघा. चंदेरी थर असेल तर कल्हई शाबूत आहे. मधेच पिवळे किंवा लालसर डाग दिसले की तिथली उडाली. कल्हई म्हणजे कथील, ते 232 अंश सेल्सिअसलाच वितळतं. त्यामुळे रिकामं भांडं गॅसवर तापवू नका, तारेच्या घासणीने खरवडू नका. कल्हईवाला मिळेपर्यंत त्या भांड्यात आंबट काही नको. आणि कल्हई चकचकीत असली तरी चिंचेची आमटी शिजली की लगेच स्टीलच्या पातेल्यात काढा, उरलेलं ताक चिनी मातीच्या बरणीत.