कोलवाळहून सुटल्यावर वेल्डिंग शिकलो, त्याबद्दल

मी गोव्यातल्या कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहात चार वर्षं होतो. सुटलो तेव्हा वय 34, शिक्षण आठवी पास. आज मांडवीकाठच्या एका यार्डात बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीवर, वेल्डर आहे. परवा आमच्या डिचोलीत एका आईनं विचारलं, पोरगा दोन महिन्यांनी सुटतोय, पुढं काय करू, म्हणून लिहायला बसलो.

सगळ्यात आधी मोबाइल नंबर. माझे दोन महिने ह्यातच गेले. सिम वापरात नसलं की बंद पडतं, मग कंपनी तोच नंबर दुसऱ्याला देते, आधारला मात्र जुनाच जोडलेला असतो, आणि आयटीआयचा फॉर्म असो, बँक असो, ॲप्रेंटिसशिप असो, ओटीपी जातो कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या फोनवर. आधार केंद्रात जाऊन बोटाचे ठसे दिले की नंबर बदलून मिळतो, त्याला वेगळा कागद लागत नाही. बँक खात्यात दोन वर्षं व्यवहार नसला की तेही निष्क्रिय होतं, परत केवायसी करावी लागते. सुटकेच्या कागदाच्या झेरॉक्स काढून ठेवा, ओरिजिनल कुणाच्या हातात सोडू नका.

अजून आत असणाऱ्यांसाठी: इग्नूत, म्हणजे मुक्त विद्यापीठात, कैद्यांना फी माफ असते. एनआयओएसमधून, म्हणजे सरकारच्या मुक्त शाळेतून, दहावी करता येते, सगळे विषय एकदम काढायची सक्ती नाही, पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसता येतं. मी ते केलं नाही आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, दहावी असती तर इलेक्ट्रिशियनला बसलो असतो.

आयटीआयला वयाची वरची अट नाही हे मला माहीतच नव्हतं. वेल्डर आणि प्लंबर हे ट्रेड आठवीवर मिळतात, एक वर्षाचे आहेत. माझं मत विचाराल तर ज्या कामाचा पुरावा हातात असतो असंच काम निवडा. कॉम्प्युटरचा छोटा कोर्स करून ऑफिसच्या दारात उभं राहिलं की आधी मागचं विचारतात, वेल्डरला आधी जोडून दाखवायला लोखंडाची प्लेट देतात.

पहिला आठवडा वाईट गेला. रॉड सारखा प्लेटला चिकटायचा, वर्गातली पोरं सतरा-अठराची. सर मागं उभे राहून म्हणाले, बघू नको, ऐक, कढईत मासे तळताना येतो तसा एकसारखा आवाज आला पाहिजे. त्या दिवसापासून हात बसायला लागला. संध्याकाळी हातोड्या, चिमटे मोजून परत घ्यायचे, ती मोजणी सुरू झाली की माझ्या छातीत धस्स व्हायचं, आत आम्हाला रोज तसंच मोजायचे. ते जायला तीनेक महिने लागले. कुणाला असं झालं तर घाबरू नका, सरांना सांगा.

नोकरीचं. पहिल्या ठिकाणी गप्प राहिलो, तीन आठवड्यांनी कुणीतरी सांगितलं आणि उद्यापासून येऊ नको म्हणाले. दुसरीकडे मीच सांगून टाकलं, शिक्षा झाली होती, भोगून संपली, हे सर्टिफिकेट. फोरमननं दोन प्लेटी दिल्या, उभा जॉइंट मारायला लावला, स्लॅग, म्हणजे वरची जळकी खपली, झाडून बीड, म्हणजे जोडाची रेघ, बघितला आणि सोमवारी ये म्हणाला. केसची अख्खी कथा सांगायची गरज नसते. फॉर्मवर रकाना असेल तर खरं लिहा.

आपल्याकडच्या बऱ्याच पोरांच्या डोक्यात शिप नाहीतर गल्फ असतं. तिथं एक बघा, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली असेल तर दोषी ठरल्यापासून 5 वर्षं पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो. एजंटला पैसे देण्याआधी वकिलाला विचारा.

त्या आईला मी सांगितलं, त्याला आणायला जाताल तेव्हा त्याचं आधार कार्ड सोबत न्या आणि घरी येताना वाटेत म्हापशाला आधार केंद्रात थांबा.